काळी म्हणून कसदार?

शेतकऱ्यांना मातीचा कस चित्रांतून समजावा म्हणून आम्ही केलेल्या पुस्तिकेचं पहिलंच पान चुकलं होतं. त्यावर मी तीन ओंजळी काढल्या होत्या. फिकट मातीच्या ओंजळीत रोडकं रोप, तपकिरीत बरं, काळीत तरारलेलं. परदेशी माहितीपुस्तिकांत हे चित्र हमखास असतं आणि तिकडच्या मातीला ते बऱ्याच अंशी लागूही पडतं: माती जितकी गडद, तितका तिच्यात सेंद्रिय अंश जास्त. इंदूरहून सांवेरच्या बाजूला एका गावात ते पान दाखवलं, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समोरच्या काळ्याभोर रानाकडे हात केला. म्हणाला, "फिर तो हम सब मालामाल हैं, दीदी?"

परतताना गाडीत आमचे काका (वडिलांचे मित्र, आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवलेले) हसत होते. "अगं, माळव्याच्या मातीचा काळेपणा कपड्याला लागलेल्या निळीसारखा आहे. चिमूटभर पुरते." काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिचे कण इतके बारीक की त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड होतो. थोडासाच ह्युमस (कुजून उरलेला सेंद्रिय अंश) त्या कणांना घट्ट लपेटून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. प्रयोगशाळेत तिचा सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय अंशातला कार्बन) अर्ध्या टक्क्याच्या आतही निघू शकतो, म्हणजे सरळ 'कमी' या वर्गात. थोडक्यात, इथे रंग बघून कस सांगता येत नाही. पान फाडलं.

दुसरं पानही त्याच दिवशी गेलं. तिथे भेगाळलेल्या जमिनीवर मी लाल फुली मारली होती. उन्हाळ्यात इथल्या रानाला बोटं जातील एवढ्या रुंद आणि हातभर खोल भेगा पडतात. हीच माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात सगळं फुगून वर ढकललं जातं, आणि रान आपलं आपणच उलथापालथ करत राहतं. या मातीचं शास्त्रीय नाव व्हर्टिसॉल, आणि ते 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलंय. दोष कसला, तिचा स्वभावच तो. फुली काढणारी मीच अडाणी.

मग चित्र काढायचं तरी कशाचं? मृदा आरोग्य कार्डाची योजना 2015 सालापासून आहे. त्यात सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त असे 12 घटक मोजलेले असतात. आकडे बरोबर असले तरी आम्ही पाहिलेली बहुतेक कार्डं पत्र्याच्या पेटीत विम्याच्या कागदांखाली होती. आकड्यांमागचं काही डोळ्यांना दाखवता आलं तरच चित्राचा उपयोग.

काकांनी दोन काचेचे ग्लास, दोन चहाच्या गाळण्या आणि पाणी मागवलं. एका गाळणीत शेतातलं लिंबाएवढं सुकं ढेकूळ, दुसरीत कधी न नांगरलेल्या बांधावरचं, गवताच्या मुळाशी असलेलं. दोन्ही हलकेच पाण्यात. शेतातल्या ढेकळातून बुडबुड्यांची माळ सुटली, कडा ढासळल्या, आणि चहाला आधण यायच्या आत गाळणीत नुसता गाळ. बांधावरचं ढेकूळ तसंच बसून होतं. बघणाऱ्यांचा घोळका पुढे सरकला.

होतं ते असं. सुक्या ढेकळाच्या बारीक पोकळ्यांत हवा असते. पाणी चहूबाजूंनी आत ओढलं जातं, हवा कोंडते, दाबली जाते आणि शेवटी ढेकूळ आतून फोडते. बांधावरच्या मातीत मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंनी सोडलेले चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात, म्हणून ती हा दाब सोसते. पहिल्या वळवात शेतातही हेच घडतं. ढेकळं विरतात, बारीक माती छिद्रं बुजवते, वर पापडी धरते, मग पाणी मुरायचं सोडून वाहून जातं. सोयाबीनचा कोंब त्या पापडीखाली अडकतो.

एकदा मात्र फजिती झाली. पावसानंतर वाफसा असताना ढेकळं उचलली, तर एकही फुटेना. सगळे खूष! काकांनी तिथेच थांबवलं: ओल्या ढेकळाच्या पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या, मग हवा कोंडणार कुठून? तेव्हा चित्रात ढेकळाशेजारी सूर्य आला, दोन-तीन दिवस सावलीत वाळवण्याच्या खुणा आल्या. आणि तुलना नेहमी आपल्याच शेताची आपल्याच बांधाशी, शेजारच्या गावच्या मुरमाड रानाशी नव्हे. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर सोडियमची शंका, तिथे प्रयोगशाळाच हवी.

सेंद्रिय कर्बाचा तो अर्धा टक्का कसा दाखवायचा, हे कोडं एका सुनेने सोडवलं. तिने सुपात सोयाबीनचे 200 दाणे मोजले आणि त्यात एक काळा घेवडा टाकला. "इतना?" दोनशेला एक, म्हणजे साधारण इतकाच! ते सूप पुस्तिकेत जसंच्या तसं आहे.

नमुना घ्यायच्या पानाला फार वेळ लागला नाही. व्ही आकाराचा खड्डा, 15 सेंटीमीटर खोल, शेतात नागमोडी फिरून आठ-दहा जागी; झाडाखाली, उकिरड्याजवळ, बांधालगत नको. सेंटीमीटरऐवजी मी टीच काढली, अंगठा आणि तर्जनी ताणलेली. वीत मोठी पडते.

मातीचे कण बांधणारा तो चिकट डिंक वाढवायचा उपाय तर याच इंदूर शहराचा. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, तीनदा उलटून, तीनेक महिन्यांत खत करायची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. या पद्धतीवरच्या 1931 सालच्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. राजवाड्याजवळ राहणाऱ्या किती मराठी घरांना हे माहीत असेल, कोण जाणे. आम्ही थरांचं चित्र उभ्या छेदात काढलं होतं. बायकांना वाटलं ती भिंत आहे. मग ढिगावर पाटी ओतणारा हात काढला.

आता पहिल्या पानावर दोन ग्लास आहेत आणि खाली रिकामी रेघ: ढेकूळ किती वेळ टिकलं. सुपात दाणे मोजणाऱ्या त्या सुनेच्या प्रतीत पेन्सिलीने दोन नोंदी आहेत. शेताच्या ढेकळापुढे दोन मिनिटं. गोठ्यामागच्या वाफ्यापुढे, जिथे ती वर्षानुवर्षं शेणखत टाकते, 'खाना खाकर आई, तब भी था.'