साथकाळातील शालेय शिक्षण : कोल्हापूर जिल्हा

साथकाळातील शालेय शिक्षण म्हणजे संसर्गजन्य रोगामुळे शाळेचे नेहमीचे वर्ग बंद ठेवावे लागल्यावर अध्यापन, परीक्षा, पोषण आहार आणि विद्यार्थ्यांशी असलेला संपर्क अन्य मार्गांनी चालू ठेवण्याची व्यवस्था. २०२०–२२ या काळात कोव्हिड-१९ मुळे ही व्यवस्था जवळजवळ सर्व देशांत उभी करावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र साथीच्या आधी आणि साथीच्या मध्यावर पंचगंगेचे महापूर आले. शिवाय आपत्ती कोणतीही असो, गावात सर्वांत आधी ताब्यात घेतली जाते ती शाळेची इमारत आणि कामाला जुंपले जातात ते शिक्षक, ही येथील जुनी रीत आहे. या दोन्हींमुळे जिल्ह्याचा अनुभव काहीसा वेगळा ठरला.

साथ आणि शाळा यांचा संबंध कोल्हापूरला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानात प्लेग पसरला, तेव्हा शाहू महाराजांच्या प्रशासनाने लोकांना वस्तीतून हलवून मोकळ्या माळावर झोपड्यांत राहावयास लावले. अख्खे गाव उठल्यावर शाळा वेगळी बंद करण्याचा प्रश्नच उरत नसे. त्याच प्लेगच्या निमित्ताने ब्रिटिश सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला आणि १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने पुन्हा त्याचाच आधार घेतला. मधल्या काळात एक मोठा फरक पडला होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. प्लेगच्या काळात शाळेबाहेरच असलेली बहुसंख्य मुले शंभर वर्षांनी पटावर होती. साहजिकच शाळा बंद झाल्याची झळ घरोघर पोहोचली.

मार्च २०२० च्या मध्यास वर्ग थांबले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्यात आले. दहावीचा २३ मार्चला असलेला भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला गेला व नंतर रद्द झाला; त्याचे गुण अन्य विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. मुंबई-पुण्यात पोट भरणारे शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतील लोक त्या उन्हाळ्यात गावी परतले आणि गावच्या प्राथमिक शाळांचे वर्ग त्यांच्यासाठी विलगीकरण कक्ष झाले. फळ्यासमोर गाद्या पडल्या. शिक्षकांकडे तपासणी नाके, घरोघरचे सर्वेक्षण आणि पुढे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची कामे आली. जून २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशा घोषणेने नवे वर्ष उघडले खरे, पण ते शिक्षण सुरू ठेवणारा माणूस दिवसाचा बराच वेळ दुसऱ्याच कामावर असे, ही बाब घोषणेत बसण्यासारखी नव्हती.

दूरस्थ अध्यापनाचे मुख्य साधन व्हॉट्सअॅप होते. शिक्षक वर्गाचा गट करून त्यावर ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक अॅपचे दुवे, आवाजी सूचना आणि गृहपाठ पाठवत. मुले वहीच्या पानाचा फोटो काढून उत्तर देत. कोल्हापूर शहरातील खासगी शाळांत थेट ऑनलाइन तासही चालले. पश्चिमेकडील वाड्या-वस्त्यांवर आणि धनगरवाड्यांवर अडचण आधी रेंजची असे, मग नेटपॅकच्या पैशांची, आणि हे दोन्ही जमले तरी घरातल्या एकुलत्या फोनची. इचलकरंजीत यंत्रमाग पुन्हा सुरू झाल्यावर वडील पाळीला जाताना फोन खिशात घालून नेत, त्यामुळे मुलाचा अभ्यास रात्री व्हायचा किंवा राहून जायचा. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका सुरू झाली. टीव्ही फोनपेक्षा जास्त घरांत होता, म्हणून तिचा पल्ला मोठा होता. शंका विचारण्याची सोय मात्र तिच्यात असू शकत नव्हती.

प्रत्यक्षात उपयोगी पडले ते जुनेच साधन, म्हणजे गुरुजींची पायपीट. गटशिक्षण, ओट्यावरची शाळा अशा नावांनी ओळखले जाणारे हे वर्ग देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात किंवा एखाद्याच्या सोप्यात पाच-दहा मुलांना अंतराअंतराने बसवून घेतले जात. गावात शिकलेली मोठी मुले लहानांचा अभ्यास घेत. पालक पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी-कडधान्ये न्यायला शाळेत येत, तेव्हा त्यांच्याच हाती स्वाध्यायाचे कागदही दिले जात. शिधावाटपाचा दिवस अशा रीतीने अनेक ठिकाणी मुलांची खुशाली कळण्याचा दिवस झाला. या उपायांची नोंद शासकीय अहवालांत ‘उपक्रम’ म्हणून होते. तो शब्द त्यांना जरा मोठा आणि शिक्षकांच्या कष्टांना जरा लहान पडतो.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून भरविण्यास परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेने ते थोड्याच दिवसांत पुन्हा बंद झाले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द करून प्रत्येक विषयाचे शंभर गुण असे विभागले गेले : नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठाचे २०. या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही २०२० मध्ये झालेली नव्हती, म्हणजे निम्मे गुण अर्ध्या वर्षावर तोलले गेले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

१ जुलै २०२१ पासून मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात बाधितांचे प्रमाण चढेच होते आणि निर्बंध लांबले होते. जुलैच्या चौथ्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठची गावे हलवावी लागली, आणि शाळेच्या इमारती पुन्हा निवाऱ्यासाठी उघडल्या गेल्या. सेतूच्या पुस्तिका काही घरांत दप्तरासह भिजल्या. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा या जिल्ह्यात मोठ्या ईर्ष्येने दिली जाते. लांबणीवर पडलेली ती परीक्षा पूर ओसरल्यावर ऑगस्टमध्ये झाली.

४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासून, तर १ डिसेंबर २०२१ पासून पहिलीपासूनचे वर्ग उघडण्याचा शासननिर्णय झाला. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा थोडा खंड पडला.

सर्वांत मोठे नुकसान अक्षरओळखीच्या वयातील मुलांचे झाले. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावात जून २०१९ मध्ये पहिलीत बसलेल्या मुलाचा हिशेब मांडला, तर ऑगस्टमध्ये महापुराने वर्ग थांबले, मार्चमध्ये साथीने. दुसरीचे अख्खे वर्ष शाळेत एकही तास झाला नाही. तिसरीचे वर्ष डिसेंबरात उघडले आणि जानेवारीत पुन्हा थांबले. ‘असर’ या राष्ट्रीय पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. जून २०२२ मध्ये चौथीच्या वर्गावर गेलेल्या शिक्षकांना पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून बाराखडी आणि जोडाक्षरांपासून सुरुवात करावी लागली.