टेंडरमधले ‘शेवाळ’ : एका पाणवनस्पतीची आणि तिच्या नावाची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तलाव साफ करण्याच्या कामांची चर्चा सुरू होते आणि कामांच्या यादीत हमखास एक ओळ दिसते: ‘शेवाळ काढणे’. ठेकेदार नेमके काय काढणार, हे त्या शब्दावरून कुणालाच कळत नाही. पाण्यावरचा हिरवा तवंग, पायरीवरची बुळबुळीत साय आणि गाळात मुळे रोवून वाढणारी हायड्रिला, तिघींनाही आपण शेवाळच म्हणतो. कन्नडमध्ये ‘पाची’ म्हटले तरी फारसे सुटत नाही. हायड्रिला कुणाला नवी नसावी. नरसाळे, परीक्षानळी आणि चिमूटभर सोडा घेऊन बुडबुडे मोजण्याचा प्रयोग शाळेत ज्यांनी केला नाही, त्यांनी निदान त्याची आकृती तरी काढली आहे.

गोंधळ जुना आहे. संस्कृत काव्यात कमळाला वेढणारे ‘शैवल’ येते. तिथे उघडच एखादी पाणवनस्पती अभिप्रेत आहे, तवंग नव्हे. पण कोणती? १८९९ च्या एका संस्कृत-इंग्रजी कोशाने ‘ब्लिक्सा’ हे नाव दिले. ती हायड्रिलाच्याच कुळातली. आजचा अधिकृत आयुर्वेदिक औषधकोश शैवाल म्हणजे ‘सेरॅटोफायलम’ असे मानतो. तिला मुळेच नसतात आणि पानांना शिंगांसारखे फाटे असतात. उत्तरेत खांडसरीवाले कच्च्या साखरेच्या टोपल्यांवर ‘सेवार’चा ओला थर पसरत. त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने मळी खाली उतरे आणि साखर पांढरी होई. त्या सेवारमध्ये हायड्रिलाही असे. (आपल्या गुऱ्हाळात मळी काढायला रानभेंडी, त्यामुळे इकडे या वनस्पतीला कुणी भाव दिला नाही.) इथपर्यंत शब्दाचा रोख वनस्पतीकडे होता. पुढे विज्ञानाची मराठी परिभाषा घडली आणि ‘शैवाल’ हा शब्द अल्गीसाठी, म्हणजे खरी मुळे-खोड-पाने नसलेल्या साध्या हिरव्या जीवांसाठी, कायम झाला. माझ्या मते ही निवड घाईची होती. मुळे, खोड, पाने, फुले असलेल्या वनस्पतीचे नाव काढून घेतले आणि तिला दुसरे दिले नाही. लोक जुन्या अर्थाने बोलत राहिले, पुस्तके नव्या अर्थाने लिहीत राहिली. त्यात ‘कारा’ नावाचे खरेखुरे शैवाल दिसायला अगदी हायड्रिलासारखे. चुरगळले की लसणासारखा वास येतो, तेवढीच काय ती खूण.

शास्त्रीय नावाची कथा त्यामानाने सरळ आहे. भारतातून गेलेल्या नमुन्यावरून, वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश पंडिताच्या मुलाने १७८२ च्या सुमारास तिचे वर्णन केले. पूर्वी सहारनपूरची सरकारी बाग सांभाळलेल्या एका डॉक्टराने १८३९ मध्ये तिला ‘हायड्रिला व्हर्टिसिलाटा’ हे आजचे नाव दिले. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. बेळगाव परिसरातल्या वनस्पतींचे नमुने एका ब्रिटिश डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा केले, आणि पुढे इलाख्याची वनस्पतिसूची छापली गेली त्यात बेळगावचा उल्लेख पानोपानी आला. १९५६ नंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राच्या सूचीतून आपण वगळलो गेलो आणि कर्नाटकाच्या सूचीत स्थानिक नावे कन्नड. सीमाप्रश्न तळ्याच्या तळापर्यंत पोचतो तो असा.

बेळगावच्या किल्ल्याचा खंदक तेराव्या शतकाच्या आरंभीच्या रट्ट राजांच्या काळापर्यंत मागे नेता येतो, पण त्यात तेव्हा काय उगवत होते याची नोंद कोण ठेवणार? संथ पाणी या भागात खऱ्या अर्थाने वाढले ते बंधाऱ्यांमुळे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेवर धुपदाळ, मग मार्कंडेयावर राकसकोप, हिडकल, मलप्रभेवर नविलुतीर्थ. कालवे आले, ऊस आला, उसाचे खत पाण्यात उतरू लागले. धुपदाळच्या पाणवठ्यावर थंडीत पाणपक्षी जमतात. त्यातल्या वारकऱ्याला, म्हणजे चांदव्याला, हायड्रिला आवडते.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामाच्या विहिरीतून मी तिचा झुबका बऱ्याचदा ओढून काढला आहे. एका पेरावर चार-पाच पाने चक्रासारखी बसलेली, कडा दातेरी. बोटांतून उलटी ओढली तर मांजराच्या जिभेसारखी खरखरतात. नर कळ्या देठापासून तुटून वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठावर फटकन उघडून पराग उडवतात. पण फुलांवर तिची फारशी भिस्त नाही. एका पेराचा तुकडा पडला तरी तो रुजू शकतो. शिवाय गाळात हरभऱ्याएवढे कंद तयार होतात आणि ते चार वर्षांनंतरही फुटू शकतात. भर उन्हाच्या एक टक्का प्रकाशात तिचे भागते, आणि दाट वाढीत दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला की ती उसाची युक्ती वापरते, म्हणजे उरलासुरला वायू आधी पकडून एका जागी साठवते आणि मग वापरते. उसाला त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात, हिचे काम एकाच पेशीत होते.

म्हणून ती निरुपद्रवी आहे असे नाही. गच्च माजली की रात्री प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढतात. कालव्यात पाणी तुंबते. पण उथळ तलावात गाळ धरून ठेवणारी आणि खतातला वाटा उचलणारीही तीच. ती मुळासकट काढली की गाळ ढवळतो, नायट्रोजन-फॉस्फरस मोकळे होतात आणि काही दिवसांत पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे होते. मग पुन्हा ओरड: शेवाळ वाढले! या वेळी मात्र खरे शैवाल.

याच टप्प्यावर गवत्या मासा येतो. १९५९ मध्ये हाँगकाँगहून ग्रास कार्प भारतात आणला गेला. तलाव मत्स्यपालनाच्या ठेक्यावर दिला की कटला, रोहू, मृगळबरोबर गवत्याचे बीजही पडते. हायड्रिला त्याची आवडती, बारीक तवंगाकडे तो फारसे बघत नाही. खाल्लेल्यातले खत विष्ठेतून पुन्हा पाण्यात. ठेकेदाराला वजनदार मासा मिळतो, गावाला हिरवे पाणी. हा सौदा ठरवताना गावाला कुणी विचारते का, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. दुसरी बाजूही खरी आहे: कालवा तुंबल्यावर रासायनिक औषध मारण्यापेक्षा मासा बरा.

अमेरिकेत हीच वनस्पती पाहुणी म्हणून गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून श्रीलंकेहून फ्लोरिडात आली, तीही ‘ॲनाकॅरिस’ (म्हणजेच एलोडिया) या दुसऱ्याच पाणवनस्पतीच्या चुकीच्या नावाने. १९६० पर्यंत ती तिथल्या नैसर्गिक पाण्यात पसरली आणि बराच काळ ‘फ्लोरिडा एलोडिया’ म्हणून ओळखली गेली, म्हणजे नावाचा घोळ तिथेही. १९९७ मध्ये डीएनए तुलनेत फ्लोरिडातल्या रोपांचे सर्वांत जवळचे नाते बेंगळुरूच्या नमुन्याशी निघाले. तिला आवर घालायला भारतातून माशी आणि सोंडकिडा नेऊन १९८७ मध्ये सोडले, पण काम अर्धेच झाले. १९९४ पासून आर्कान्सामध्ये गरुड मरू लागले. हायड्रिलाच्या पानांवर वाढणाऱ्या एका नीलहरित जीवाणूचे विष वारकऱ्यांत आणि वारकरी खाणाऱ्या गरुडांत जाते, हे पक्के व्हायला आणि ते विष ओळखायला २०२१ उजाडले.

आपल्याकडे ती मूळचीच, म्हणून तिचे खाणारेही इथलेच. तलाव साफ करायला यंत्र उतरते, वरचा झुबका कापून काठावर टाकते, त्याचा फोटो निघतो. कंद गाळातच राहतात. पावसाआधी बिल पास झालेले असते आणि पाणी निवळले की पहिला हिरवा कोंब वर येतो.