शोध-व्यवस्थापन पथके

शोध-व्यवस्थापन पथके : डोंगर, जंगल, वाळवंट अशा निर्जन प्रदेशात हरवलेल्या व्यक्तीसाठी चालणाऱ्या मोठ्या शोधमोहिमेचे नियोजन व संचालन करणारी स्वयंसेवकांची पथके. पायी शोध घेणाऱ्या तुकड्या, श्वानपथके आणि माग काढणारे यांच्याहून ती वेगळी असतात. त्यांचे काम मुख्यतः तळावर, नकाशा, वायरलेस आणि नोंदवही यांच्यापाशी चालते. मोहिमेचा कायदेशीर अधिकार बहुधा पोलीस किंवा उद्यान प्रशासनाकडे असतो (अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत सामान्यतः शेरीफ या परगण्याच्या पोलीस प्रमुखाकडे). पथक त्यांच्या वतीने काम पाहते. काही तासांत आटोपणाऱ्या शोधाला अशा पथकाची गरज पडत नाही. शोध दुसऱ्या दिवसावर गेला आणि बाहेरून कुमक येऊ लागली की ती भासते.

उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार या कार्यपद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीशोधात आहे. बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने अमेरिकी नौदलासाठी शोधाचा सिद्धांत मांडला. त्याविषयीचा अहवाल १९४६ चा असून सिद्धांताचा मुख्य भाग १९५६-५७ मध्ये लेखरूपाने प्रसिद्ध झाला. दुसरे मत गिर्यारोहकांच्या बचावपथकांकडे बोट दाखवते : सिएटल येथील माउंटन रेस्क्यू कौन्सिल (१९४८) आणि माउंट हूड येथे स्थापन झालेली माउंटन रेस्क्यू असोसिएशन (१९५९). मात्र या संघटनांचा भर प्रारंभी कडेकपारीतून जखमींना उतरवण्यावर होता, शोधाच्या नियोजनावर नव्हे. तिसऱ्या मतानुसार वेगळ्या व्यवस्थापनाची निकड फसलेल्या मोहिमांनी दाखवून दिली. जून १९६९ मध्ये अमेरिकेतील ग्रेट स्मोकी पर्वतात सहा वर्षांचा मुलगा हरवला. पहिल्याच रात्री मुसळधार पाऊस झाला. पुढे माणसांची संख्या एका दिवशी सुमारे १,४०० पर्यंत गेली. इतक्या पावलांखाली खुणा तुडवल्या गेल्या असाव्यात, असे नंतर मानले गेले. मुलगा सापडला नाही.

यांपैकी तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नौदलाचा सिद्धांत जमिनीवर सरळ उतरला असता, तर कूपर, फ्रॉस्ट आणि रोब यांच्या २००३ च्या अहवालाला जमिनीवरील प्रचलित पद्धती त्या सिद्धांतापासून किती दूर गेल्या आहेत हे दाखवावे लागले नसते. पद्धतीला आकार आला तो साधारणतः १९७० च्या दशकात, असे म्हणता येते. जॉन वार्ट्स यांच्या १९७४ च्या सुमाराच्या मैदानी चाचण्यांत खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या रांगेपेक्षा विरळ रांग तेवढ्याच मनुष्यतासांत अधिक फलदायी ठरली. विल्यम सिरोटक यांनी १९७६ मध्ये हरवलेल्यांच्या २२९ प्रकरणांचे विश्लेषण केले. त्याच सुमारास रॉबर्ट मॅटसन यांची मतसंकलनाची रीत पुढे आली.

मॅटसन यांच्या रीतीत शोधक्षेत्राचे खंड पाडतात. तळावरील प्रत्येक जाणकार, दुसऱ्याचा कागद न पाहता, व्यक्ती कोणत्या खंडात असण्याची शक्यता किती हे टक्क्यांत लिहितो. मग सरासरी काढतात. गुप्ततेचा हेतू उघड आहे : ज्येष्ठाने आधी तोंड उघडले की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे झुकतात. समजा, सरासरी ‘अ’ खंडाला ४०, ‘ब’ला ३०, ‘क’ला २० आणि क्षेत्राबाहेर १० टक्के अशी आली. ‘अ’ खंड झाडून झाला, काही मिळाले नाही, आणि तेथे व्यक्ती असती तर ती दिसण्याची शक्यता ५० टक्के होती असे धरले. तर ‘अ’चे ४० चे २० होतात, एकूण बेरीज ८० उरते आणि नवे वाटप अनुक्रमे २५, ३७.५, २५ आणि १२.५ असे होते. उद्याच्या तुकड्या ‘ब’कडे वळतात, ‘अ’ मात्र यादीतून जात नाही. तुकडीप्रमुखाने दमूनभागून येऊन ‘तिथे कोणी नाही’ असे सांगितले, तरी नियोजकाला त्याचा अर्थ ‘तिथे दिसले नाही’ एवढाच घ्यावा लागतो.

हे ५० टक्के ठरवायचे कसे, हा वादाचा खरा मुद्दा. पूर्वी तुकडीला विचारून अंदाज घेत. तो बहुधा फुगलेला असे. कूपमन यांच्या सूत्रानुसार एका खंडात, झाडोरा आणि उजेड लक्षात घेऊन, प्रत्यक्ष नजरेखालून गेलेले क्षेत्र खंडाच्या क्षेत्राइतके भरले तर दिसण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के येते. दुप्पट भरल्यास ८६. शंभर कधीच होत नाही. चालणाऱ्या शोधकाच्या नजरेत प्रत्यक्ष किती रुंदीचा पट्टा येतो, याची जमिनीवरील मोजणी मात्र २००० नंतरच पद्धतशीरपणे सुरू झाली.

हरवलेल्यांच्या वर्तनावरील माहितीचा मोठा संग्रह रॉबर्ट कोस्टर यांनी केला (२००८). लहान बालके आडोशाला शिरून झोपतात आणि हाकेला ओ देत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती कशात तरी अडकेपर्यंत चालत राहते. म्हणूनच नियोजकाला माणसाइतकाच, किंबहुना अधिक, खुणांचा शोध घ्यावा लागतो : चॉकलेटचा कागद, काठीचे ठसे. पहिल्या तासांत वाटा व रस्त्यांची नाकाबंदी होते आणि घरी फोनही जातो, कारण ‘हरवलेला’ कधीकधी घरीच झोपलेला असतो.

संघटनेची चौकट कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांनंतर विकसित झालेल्या इन्सिडंट कमांड सिस्टिम या आपत्तीकाळातील कामांच्या विभागणीच्या व्यवस्थेवरून घेतली आहे : नेतृत्व, कार्यवाही, नियोजन, पुरवठा, वित्त. एका प्रमुखाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाच. कामाची पाळी बहुधा १२ तासांची असते.

शोध आवरता घेताना पथके तो सहसा पूर्ण बंद झाल्याचे जाहीर करत नाहीत. मर्यादित स्वरूपात तो चालू राहतो : पुढचे सराव त्याच खंडांत घेतले जातात आणि शिकारी व पदयात्रींच्या हाती व्यक्तीचे वर्णन दिले जाते.