पार्श्वभूमी : मादी मारायची की नाही? ग्रेट लेक्सच्या जंगलांतली हरणे आणि गांडुळे

अमेरिकेत ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांलगतच्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगन या राज्यांच्या उत्तर भागातल्या शुगर मेपलच्या जंगलांत वसंतात फुलणारी ट्रिलियम, ऑर्किड वगैरे झाडे कमी होत चालली आहेत आणि त्यांच्या जागी लव्हाळे व गवत माजते आहे. यावर आता फारसे कुणी भांडत नाही. भांडण आहे ते दोष कुणाचा यावर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेकांचे बोट गांडुळांकडे जाते. त्यात तथ्य आहेच. पण गांडुळांच्या गोष्टीत नवलाई आहे म्हणून ती चटकन उचलली गेली आणि हरणांची जुनी, कटकटीची गोष्ट मागे पडली.

गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हा धडा आपण सगळेच शाळेत शिकलो. या पट्ट्यात तो लागू पडत नाही. हिमयुगातला बर्फ दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मागे हटला तेव्हा तिथे गांडुळे जवळजवळ उरलीच नव्हती आणि दक्षिणेकडची फारशी वर सरकली नाहीत. पुढचे जंगल गांडुळांशिवायच वाढले. पाला बुरशीच्या हातून सावकाश कुजायचा, जमिनीवर दहा-दहा सेंटिमीटर मऊ थर साचायचा आणि रोपे त्यातच मुळे धरायची. युरोपातली गांडुळे जहाजांचा तोल राखायला भरलेल्या मातीतून (बॅलास्ट) आणि रोपांच्या मुळांना चिकटून आली. नंतर मासेमारीच्या आमिषाने त्यांना तळ्यातळ्याच्या काठी पोचवले. गळाला लावायची मोठी गांडुळे आजही कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या शेतांतून रात्री हाताने वेचली जातात आणि डब्यांत भरून विकली जातात. उरलेला डबा झुडपात ओतायची सवय जुनी आहे. स्वतःच्या बळावर गांडुळे वर्षाला पाच-दहा मीटरच सरकतात, म्हणजे त्यांच्या प्रसाराचा मोठा वाटा माणसाचाच.

आता हरणे. युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे दोन-तीन कोटी असावीत असा अंदाज आहे. बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने 1900च्या सुमारास ती काही लाखांवर आली. मग कायदे झाले. शिकारीचे मांस राज्याबाहेर विकण्यावर बंधने आली, हंगाम ठरले आणि बऱ्याच राज्यांत फक्त शिंगवाला नर मारण्याची मुभा उरली. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा मादी वाचवा आणि कळप वाढवा, असा तो सरळ हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. त्याच काळात पाइनची जुनी जंगले तोडली गेली होती. उघड्या जमिनीवर उगवलेले कोवळे रान हरणांना आयते मिळाले. लांडगे संपत आले होते. विस्कॉन्सिनमध्ये लांडगा मारण्याचे बक्षीस 1957 मध्ये बंद झाले, तोवर बक्षीस देण्याजोगे लांडगे फारसे राहिलेच नव्हते.

1940च्या आसपास विस्कॉन्सिनच्या उत्तरेत हरणे थंडीत उपाशी मरू लागली. बर्फ साचला की ती सीडरच्या दलदलीत एकत्र जमतात आणि तोंड पोचेल तिथवरचा पाला खाऊन टाकतात. अशा ठिकाणी झाडांना खालून एका रेषेत कातर लावल्यासारखे दिसते. सरकारने गवत आणि खुराक टाकून पाहिले, त्याने फरक पडला नाही. मग नागरिकांची एक समिती नेमली गेली. या जागा हिंडून पाहिल्यावर तिने माद्याही मारल्या पाहिजेत अशी शिफारस केली. समितीचा प्रमुख देशातला नामवंत वन्यजीवतज्ज्ञ होता. तरुणपणी लांडगे मारण्याच्या बाजूने असलेला आणि आता मत बदललेला.

1943 चा हंगाम दोन भागांत ठेवला गेला. आधी चार दिवस शिंगांना फाटे फुटलेले नर, नंतर चार दिवस बिनशिंगी हरणे, म्हणजे माद्या आणि पाडसे. आठ दिवसांत सुमारे 1 लाख 28 हजार हरणे मारली गेली. राज्यभर गदारोळ झाला. कित्येक वर्षे 'मादीला हात लावू नका' हेच चांगल्या शिकाऱ्याचे लक्षण म्हणून शिकवले होते, आणि आता तेच सरकार उलटे सांगत होते. पर्यटकांवर चालणाऱ्या गावांना रस्त्यालगत हरीण दिसणे हवे होते. उत्तरेकडच्या माणसांना वाटले, राजधानीतले पुस्तकी लोक आपले जंगल रिकामे करायला निघालेत. या निर्णयाविरुद्ध एक खास वर्तमानपत्र निघाले आणि त्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' हे नाव पडले. पुढच्याच वर्षी माद्यांची शिकार बंद झाली.

हरणे संपतील ही भीती फोल ठरली. 2000 साली याच राज्यात एका वर्षात 6 लाखांहून अधिक हरणे मारली गेली आणि तरीही कळप टिकला. 1943 ची आकडेवारी आजही कुणी सभेत काढली, तर त्याला हा एक आकडा पुरे. अर्थात सभा आकड्यांनी जिंकता येत नाहीत.

एवढ्या हरणांचा झाडांवर काय परिणाम होतो, हे ट्रिलियममध्ये स्पष्ट दिसते. या झाडाला देठाच्या टोकाशी तीनच पाने आणि वर एकच फूल. बी रुजल्यापासून फुलायला सात-आठ वर्षे लागतात. हरणाने शेंडा खुडला की त्या वर्षीची सगळी पाने गेली, नवी येत नाहीत. कंदातला साठा आटतो आणि पुढच्या वर्षी झाड लहान होऊन येते. हरीण मोठी, फुललेली झाडे आधी शोधते. म्हणून एखाद्या जंगलात ट्रिलियमची उंची मोजली तरी तिथे हरणांचा ताण किती आहे याचा अंदाज येतो. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये 1950च्या सुमारास वनस्पतींची नोंद केलेल्या 62 ठिकाणी पन्नास वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. देशी जाती सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटल्या होत्या. सर्वांत जास्त घट शिकारीला बंदी असलेल्या जागी होती.

गांडुळांकडे लक्ष गेले ते याच सुमारास, 1990च्या दशकात, मिनेसोटाच्या जंगलांत. गांडुळे पाला खाऊन टाकत असल्याने पाल्याचा थर काही वर्षांत नाहीसा होताना दिसू लागला. जमीन दडपली गेली, मुळांशी नाते असलेली बुरशी कमी झाली आणि रोपे रुजायची जागाच गेली. यात हरणांचे गणित जुळते. पूर्वी शंभर रोपांवर तोंड मारणारी तेवढीच हरणे आता पाच रोपांवर तुटून पडतात. कुंपण घालून केलेल्या प्रयोगांत हरणे बाहेर ठेवली की रोपे बरीच तगतात, आणि काही ठिकाणी कुंपणाच्या आत गांडुळेही कमी भरली. गांडुळे घालवली तर काय होते, हे जंगलात पाहता येत नाही, कारण जंगलातून ती काढायची कुठलीही रीत आज नाही.

मध्यंतरी गार्लिक मस्टर्ड या युरोपीय तणावरही सगळा राग काढून झाला. 1868 मध्ये लाँग आयलंडवर नोंदलेले हे तण उपटायला स्वयंसेवक अजूनही दर वसंतात जातात. हरणे त्याला तोंड लावत नाहीत आणि गांडुळांनी मोकळी केलेली जमीन त्याला मानवते. तण काढून फार काही सुधारत नाही, हरणे अडवली की सुधारते, असे न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगांतून पुढे आले. तरी उपटण्याची मोहीम सुरूच आहे, कारण त्यात कुणाशी भांडावे लागत नाही.

2013 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आशियातली उड्या मारणारी गांडुळे सापडली. ती एका वर्षात आयुष्य संपवतात, त्यांच्या अंड्यांचे कोष मात्र थंडी काढतात, आणि वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी करून ठेवतात. रोपांच्या कुंड्या आणि पालापाचोळ्याच्या खताबरोबर ती पसरतात. त्यामुळे खत तापवून घ्या, रोपांची माती धुऊन घ्या, आमिषाचा डबा कचऱ्यात टाका, असा सरकारी प्रचार जोरात आहे. आधीच पसरलेल्यांवर मात्र त्याचा उपयोग नाही.

हरणांच्या बाबतीत उपाय माहीत आहे, राजकारण अडते. नर मारायचा असेल तर आधी एक बिनशिंगी हरीण मारून आणा, असा नियम विस्कॉन्सिनने 1996 पासून काही भागांत लावला होता. 2002 मध्ये राज्यातल्या हरणांत मेंदूचा जीवघेणा आजार आढळल्यावर त्याची व्याप्ती वाढली. नियमाने माद्या कमी होत होत्या, शिकाऱ्यांना तो नकोसा होता, आणि 2011 मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. 2014 मध्ये उत्तरेकडच्या अनेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) पुन्हा फक्त नरांच्या शिकारीची परवानगी होती.