गायीचे पाय: कांडी निवडण्यापासून खुरे साळण्यापर्यंत

(वाळवा, पलूस, कडेगाव आणि कराड भागातील आमच्या दूध उत्पादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे कांडी (कृत्रिम रेतनासाठी वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) घ्यायला आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: वळूच्या आईचे दूध किती? दुसरा प्रश्न फॅटचा. पायांचे मात्र क्वचितच कोणी विचारते. दूध तर त्या चार पायांवरच उभे असते. लंगडणारी गाय गव्हाणीशी कमी वेळ थांबते, कमी खाते, दूध कमी देते. माजावर आली तरी ती दुसऱ्या गायीवर उडत नाही. मग माज लक्षात येत नाही, कांडी उशिरा पडते आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. अशा वेळी दोष कांडीला दिला जातो. दुखणे खुरात असते.

आधी एक गोष्ट तपासा. सगळेच लंगडणे खुराचे नसते. तोंडात फोड, लाळ गळणे आणि खुरांच्या बेचक्यात जखम असेल तर ते लाळ्या खुरकूत. पावसाळ्यात ताप येऊन गाय आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडते तो तिवा. वाढत्या वयाच्या जनावराच्या फऱ्यावर किंवा मांडीवर सूज असेल, दाबल्यावर करकर आवाज येत असेल, तर तो फऱ्या रोग. त्यात तासातासाला महत्त्व आहे, लगेच डॉक्टरांना बोलवा. लाळ्या खुरकूतची लस वर्षातून दोनदा आणि फऱ्याची पावसाळ्याआधी द्यावी. या लसी चुकवू नका.

आता खऱ्या खुराच्या दुखण्याकडे वळू. संकरित आणि एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गायीत ते बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत, म्हणजे दुभंगलेल्या खुराच्या बाहेरच्या अर्ध्या भागात असते. चालताना वजन त्याच नखीवर जास्त येते आणि सिमेंटच्या कोब्यावर तीच जास्त वाढते. खुराच्या आत हाडाखाली चरबीची एक गादी असते. व्यायल्यानंतर गाय अंगातली चरबी दुधात घालवते, तशी ही गादीही पातळ होते. शिवाय वेताच्या आसपास हाड धरून ठेवणारे बंध सैल पडतात. मग हाड खाली दबते आणि तळव्याचा जिवंत भाग चेंगरतो. खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते, त्यामुळे आत झालेली इजा तळव्यावर लाल डाग किंवा व्रण बनून दिसायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून गाय बेंदराच्या (आषाढातल्या बैलांच्या सणाच्या) सुमारास लंगडू लागली, तर कारण वैशाख-ज्येष्ठात शोधा: ती कधी व्यायली, भरडा (भरडलेल्या धान्याचा खुराक) किती वाढवला, उभी कशावर होती.

लंगडणे लवकर ओळखायचे असेल तर सकाळी धार काढून झाल्यावर गायीला सपाट जागेवर चालवा आणि बाजूने बघा. उभी असताना पाठ सरळ पण चालताना कमानदार झाली, तर सुरुवात झाली आहे. उभी असतानाही पाठ कमानदार राहते, पावले आखूड पडतात, तेव्हा दुखणे पुढे गेलेले असते. पाऊल टाकताना मान खालीवर करते, एक पाय टेकवायलाच नको म्हणते, तोवर आठवडे वाया गेलेले असतात. आमचा आग्रह आहे की पहिल्याच पायरीवर पाय उचलून बघावा.

खुरे साळणे, म्हणजे वाढलेले खूर कापून आकारात आणणे, वर्षातून दोनदा हवे: एकदा गाय आटवताना (तिचे दूध बंद करताना), आणि पुन्हा व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांनी. मोठ्या एचएफ गायीत केसांच्या कडेपासून खुराच्या टोकापर्यंत पुढची भिंत निदान ७.५ सेंटिमीटर ठेवतात. त्यापेक्षा आखूड करू नये. तळवा अंगठ्याने दाबल्यावर दबू लागला की तिथेच थांबायचे. व्रण सापडला तर निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढतात. नुसत्या इंजेक्शनने हे काम होत नाही. वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण असे जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडे मरतात. मेलॉक्झिकॅम हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे.

टाचेच्या मागे, दोन नख्यांच्या वर लालभडक ओला चट्टा दिसला आणि हात लावताच गाय पाय झटकत असेल, तर तो जंतुसंसर्ग आहे. तो शेणामुतात पसरतो. बहुतेकदा विकत आणलेल्या गायीबरोबर, नाही तर न धुतलेल्या साळण्याच्या चाकूबरोबर गोठ्यात येतो. नवीन गाय कळपात सोडण्याआधी तिचे चारही पाय धुऊन बघा. खुरे साळणारा आमचा माणूस एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना हत्यारे जंतुनाशकात बुडवतो. तो विसरला तर त्याला टोका. मोठ्या गोठ्यात ५ टक्के मोरचुदाचा (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पायधुणीचा हौद चालतो (१०० लिटर पाण्यात ५ किलो). शेणाने गढूळ झाले की ते पाणी बदलावे. ते शेतात एकाच जागी ओतू नका आणि मेंढ्यांना त्याजवळ फिरकू देऊ नका, मेंढीला तांबे लवकर बाधते.

गोठ्याचे म्हणाल तर गाय दिवसात १० ते १२ तास बसली पाहिजे. बसलेली गाय रवंथ करते आणि खुरांना विसावा मिळतो. कोबा घासलेला, निसरडा किंवा सतत ओला असेल तर ती बसत नाही. दावणीला बांधायचेच असेल तर रबरी मॅट टाका. जमले तर मुक्त संचार (गायी न बांधता मोकळ्या ठेवण्याचा गोठा) करा, निदान व्यायलेल्या पहिलारू कालवडीला दोन महिने मऊ, कोरड्या जागेत ठेवा. शिराळ्याच्या पावसात खूर भिजून मऊ पडते. जत-आटपाडीच्या माळावर ते कडक राहते, आणि तिथल्या खिल्लार जातीच्या जनावरांचे कणखर पाय आपल्याला माहीतच आहेत. पण तिथल्या एचएफ गायीलाही ओला कोबा तितकाच बाधतो.

चाऱ्यात सगळ्यात मोठी चूक होते ती व्यायल्यावर दूध वाढावे म्हणून एकदम भरडा वाढवण्यात. पोटात आम्ल साचते आणि खुराच्या आतला रक्तपुरवठा बिघडतो. भरडा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, दिवसाचा भाग तीन-चार वेळा वाटून द्या, आणि त्याआधी कडबा किंवा लांब चारा द्या. गळीत हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. कडबा, मुरघास आणि रोजचे खनिज मिश्रण चालू ठेवा. बायोटिन रोज २० मिलिग्रॅम काही महिने दिल्यास खुराची प्रत सुधारते. पंधरा दिवसांत फरक दिसणार नाही, खूर नवे वाढावे लागते.

आता कांडीकडे. आम्ही कांडी विकतो, तरी स्पष्ट सांगतो: कांडीने ओला कोबा सुधारत नाही. लंगडण्याची आनुवंशिकता कमी आहे, साधारण १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतांश फरक गोठ्याचा आणि चाऱ्याचा. शिवाय आज भरवलेल्या गायीची कालवड व्यायला तीन वर्षांहून जास्त काळ जातो. तरीही आम्ही पायांचा आग्रह धरतो, कारण चाऱ्याचा खर्च दर वर्षी येतो आणि चांगल्या पायांची वंशावळ पुढच्या प्रत्येक वेतात कामाला येते. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमध्ये खुरे साळणाऱ्यांच्या नोंदींवरून वळूंची खुराच्या आरोग्यासाठी क्रमवारी लावली जाते.

वळूच्या माहितीपत्रात पायांचे तीन मुद्दे बघा. बाजूने पाहिल्यावर मागचा पाय मध्यम वाकाचा हवा. कोयत्यासारखा वाकलेला पाय टाचेवर भार टाकतो, आणि अगदी ताठ पायाच्या सांध्याला हिसका बसतो. मागून पाहिल्यावर पाय समांतर हवेत, सांधे आत वळलेले नकोत. खुराचा कोन चढता आणि टाच खोल हवी. माहितीपत्रात प्रत्येक आकड्याशेजारी विश्वासार्हतेची टक्केवारी असते. ती कमी असेल तर त्या एकट्या वळूवर गोठा उभा करू नका, दोन-तीन वळू वापरा. तुमच्या गायीचे पाय आधीच ताठ असतील तर आणखी ताठ पायांचा वळू टाळा. दूध थोडे कमी असले तरी पायांत सरस असलेला वळू आम्ही स्वतः निवडू.

लिंगनिश्चित कांडी (जिच्यातून बहुतेकदा कालवडच होते) महाग असते. ती वारंवार व्रण होणाऱ्या गायीवर घालवू नका. ज्या गायी तिसऱ्या-चौथ्या वेतातही पाठ सरळ ठेवून चालतात, त्यांच्याच कालवडी ठेवा. लंगडणाऱ्या गायीला साधी कांडी भरा, आणि तिची कालवड कळपात ठेवायची का, ते कालवडीचे पाय बघूनच ठरवा. वळूचा क्रमांक कार्डावर लिहून ठेवा, म्हणजे बापाचीच कांडी लेकीला पडणार नाही.

कांडी मागवताना गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक सांगा, आणि ती कोणत्या वेतात, कोणत्या पायाने लंगडली तेही सांगा. आम्ही ते रजिस्टरात त्याच गायीपुढे लिहितो, आणि पुढच्या वेळी वळू सुचवताना ते पान उघडतो.