पाण्याखालच्या यानाचे नाक टोकदार का नसते?

पाणी कापत जायचे तर नाक सुरीसारखे टोकदार हवे, ही समजूत पाण्याखाली चालकाविना आपोआप चालणाऱ्या स्वायत्त यानांबाबत वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती चुकीची आहे. टोकदार आकाराचा फायदा मुख्यतः पृष्ठभागावर लाटा उठवत चालणाऱ्या जहाजाला किंवा ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानाला मिळतो. पुरेशा खोलीवर यानामुळे पृष्ठभागावर लाटा उठत नाहीत, आणि पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असताना ही याने बहुधा सेकंदाला एक-दोन मीटरच पुढे सरकतात. इतक्या संथ प्रवाहात गोलसर नाकाभोवती पाणी सहज वळते.

खरी काळजी घ्यावी लागते ती शेपटीची, आणि नेमके तिकडेच कोणाचे लक्ष नसते. मागच्या बाजूला दाब पुन्हा वाढू लागतो, कवचालगतचा मंदावलेला पाण्याचा थर त्या दाबापुढे टिकला नाही तर पृष्ठभागापासून सुटतो आणि मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होऊन विरोध वाढतो. म्हणूनच शेपूट हळूहळू निमुळती करतात. १९५३ मध्ये जलावतरण झालेल्या ‘अल्बाकोर’ या अमेरिकी प्रायोगिक पाणबुडीचा थेंबासारखा आकार याच विचारातून आला होता.

यान जितके सडपातळ तितके चांगले, हेही अर्धसत्यच. घनफळ तेच ठेवून लांबी वाढवत गेल्यास पाण्याला स्पर्श करणारे क्षेत्रफळ आणि त्याबरोबर घर्षण वाढते. अनेक यानांचा मधला भाग सरळ नळकांड्यासारखा असतो, तो मात्र प्रवाहासाठी नव्हे, तर बांधणी आणि बॅटरीची मांडणी सोपी व्हावी म्हणून.