वाचनकौशल्यातील घसरण (नाशिक जिल्हा)

इयत्तेला साजेसा मजकूर स्वतः वाचून समजून घेता न येणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढणे. ही निरक्षरता नव्हे. मूल शाळेत जाते, हजेरीपटावर असते, कविता तोंडपाठ म्हणते. त्याच कवितेतला एखादा शब्द मधूनच बोट ठेवून विचारला की मात्र अडते. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पुन्हा २७.१. म्हणजे खड्डा भरला, पण मुळात जमीनच खोलगट होती.

नाशिक जिल्ह्यात या घसरणीचे मोठे कारण शेतीच्या वेळापत्रकात सापडते. द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) ऑक्टोबरच्या आसपास होते, काढणी जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागांतून मजुरांच्या टोळ्या याच काळात निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात, आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर येतात. शाळेचे दुसरे सत्र नेमके तेव्हाच चालू असते. अक्षरओळख झालेली असते. जोडाक्षरे, रफार पक्के व्हायचे असतात. ते राहून गेले की वाचन तिथेच थबकते. ज्या बागेत हे मूल दिवस काढते तिथला ‘द्राक्ष’ हा शब्दच दोन जोडाक्षरांचा आहे. गावी परतायच्या एसटीच्या पाटीवरचे ‘त्र्यंबकेश्वर’ तर मोठ्यांनाही लिहिताना चुकते.

दुसरे कारण भाषेचे. पश्चिम पट्ट्यात घरी कोकणा ही आदिवासी बोली, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. घरी अहिराणीतला ‘आंडोर’ ऐकणाऱ्याला पुस्तकातला ‘मुलगा’ आधी ओळखावा आणि मग वाचावा लागतो. शहरात उलटा प्रकार दिसतो: घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि स्पेलिंगे पाठ करण्यात दोन्ही भाषांतले वाचन कच्चे राहते. शिक्षकांच्या वेळेतून निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम वजा होते, ते वेगळेच.

सगळे खापर मोबाइलवर फोडण्याची पद्धत आहे. वाचता येणारी मुले पुस्तकापासून दूर का जातात, हे त्यातून थोडेफार कळते. वाचताच न येणाऱ्यांबद्दल काहीच कळत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वाचकांपर्यंत पुस्तके पोहोचवणाऱ्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या ग्रंथपेट्याही इथूनच निघाल्या. पण पेटीचा उपयोग जोडाक्षराचा उंबरठा ओलांडलेल्यालाच.

इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट करून रोज तास-दीड तास शिकवले तर काही आठवड्यांत फरक दिसतो, असा ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा अनुभव आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली आहे. बागेवर गेलेल्या मुलाच्या बाबतीत त्याआधीचा प्रश्न उरतो: हंगामात त्याची हजेरी कोणत्या शाळेत लागते, आणि तिथे त्याला खरोखर कोणी शिकवते का.